शी म्हणजे ती

४ जून

प्रिय मास्तरीणबाई,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस, आधी बस. तुझ्या वहिनीला सदुसष्टाव्या वर्षी इंग्रजी शिकायचंय, आणि ते तू शिकवायचंस. हसून झालं की पुढे वाच.

कारण सांगते. आमच्या घरात मराठी बंद पडत चाललीय. मी समोर नसले की चिरंजीव आणि सूनबाई छान मराठीत भांडतात, हसतात, भाजीत मीठ कमी पडलं म्हणून कुरकुरतात. मी खुर्ची ओढून बसले रे बसले, की दोघंही इंग्रजीत शिरतात. दोन महिने हेच चाललंय. आधी वाटलं, ऑफिसच्या गोष्टी असतील. पण ऑफिसच्या गोष्टी बोलताना कोणी सासूच्या ताटाकडे बघत नाही.

माझा संशय गाडीवर आहे. तुझा दादा गेल्याला चार वर्षं झाली, त्यांची गाडी अजून खाली उभी असते, चिरंजीव अधूनमधून ऑफिसला नेतात, पण सूनबाईला ती डोळ्यांसमोर नको असते. जागा अडते म्हणते. मला धक्का बसू नये म्हणून माझ्यापासून लपवून ती भंगारात घालायचा बेत शिजतोय, असं मला दिसतंय. त्यांना काय ठाऊक, आपल्याच टेबलावर बसून आपल्याला काही कळत नाही याचा धक्का केवढा असतो ते.

तुला माहीत आहे, मी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसले. ऐकलेलं जसंच्या तसं लक्षात राहतं, पण अर्थाच्या नावाने शंख. मला येतं ते एवढंच: नंबर प्लीज, लाइन बिझी, होल्ड ऑन. तेवढ्यावर घरातलं बोलणं समजत नाही. धडे पत्रानेच पाठव. इथे भिंतींना कान आहेत आणि तुझ्या कानांना यंत्र, तेव्हा फोनवर शाळा भरवली तर सगळ्या इमारतीला इंग्रजी येईल.

तब्येत बरी आहे. मधे जिना चढताना दम लागत होता, म्हणून दोघं मला एका मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांना मराठी येत नाही. अर्धा तास तिघं इंग्रजीत बोलले आणि मी शहाण्यासारखी मान डोलावली. रक्त कमी आहे म्हणे. गोळ्या घेतेय.

तुझी,
वहिनी


११ जून

प्रिय वहिनी,

पत्र वाचून मला खरोखरच बसावं लागलं. पस्तीस वर्षं पोरांच्या मागे लागून मी इंग्रजी शिकवलं आणि घरातल्या बाईने ते आपणहून मागावं, म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवला. दोन चष्मे बदलून पुन्हा वाचलं, अक्षर तुझंच होतं.

चोरून ऐकणं वाईट, हे शिक्षिका म्हणून सांगते. नणंद म्हणून सांगते, नीट ऐक.

धडा पहिला. मराठीत क्रियापद मानाच्या पाहुण्यासारखं सगळ्यांच्या शेवटी येतं. इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ आत घुसतं. आपण म्हणतो, मी चहा पिते. ते म्हणतात, मी पिते चहा. दचकू नकोस, सवय होते. तेव्हा वाक्य ऐकलंस की पहिला शब्द पकड, काम करणारा तोच. आय म्हणजे मी, यू म्हणजे तू आणि तुम्हीसुद्धा, वी म्हणजे आम्ही, ही म्हणजे तो, शी म्हणजे ती. ही आणि शी आले की क्रियापदाला शेपूट लागतं: आय से, पण शी सेज. हॅवचं होतं हॅज. सध्या एवढंच पाठ कर. सर्वनामं अजून आहेत, पण ती पुढच्या धड्यात. एकदम सगळं दिलं की डोक्यात खिचडी होते, हा माझा अनुभव आहे.

गृहपाठ: जेवताना ऐकलेली पाच वाक्यं जशीच्या तशी देवनागरीत लिही आणि खाली अर्थ लाव. शब्दकोश बघायला परवानगी आहे. मी दहापैकी मार्क देईन. तुला माहीतच आहे, आठच्या पुढे माझं पेन आजवर चाललेलं नाही, तेव्हा रुसू नकोस.

दादाच्या गाडीचं खरं असेल तर मीच त्या चिरंजिवांचा कान धरते.

तुझी,
मास्तरीणबाई


२० जून

प्रिय मास्तरीणबाई,

तुझ्या इंग्रजीने मला पहिल्याच धड्यात गार केलं. नवऱ्याला 'ही' म्हणायचं? जन्मभर ज्यांना 'हे' म्हटलं, ते परभाषेत जाऊन 'ही' झाले. आणि बाईला 'शी'. शी म्हणजे आपल्याकडे काय, ते तुला सांगायला नको. मी आरशासमोर उभी राहून शी, शी म्हणत होते, तर सूनबाई धावत आली, काय सांडलं म्हणून.

आता गृहपाठ. ही वाक्यं चार दिवसांत जमवलीत. कानाची खात्री मी देते, अर्थाची तू दे.

एक. शी इज गेटिंग वीकर. ती अशक्त होत चालली आहे.
दोन. शी गेट्स टायर्ड बाय इव्हिनिंग. ती संध्याकाळपर्यंत दमते.
तीन. हाऊ लाँग विल शी लास्ट? ती किती टिकेल?
चार. द डॉक्टर सेज सिक्स मंथ्स. डॉक्टर म्हणतो सहा महिने. (शेपूट बघ कसं नीट ऐकलं.)
पाच. वी कान्ट टेल हर. हे जरा अडलं. 'हर' शब्दकोशात तिला असं दिलंय, पण तिला कुठे काय सांगायचंय? वी कान्ट टेल एवढंच धरलं, आम्ही सांगू शकत नाही. म्हणजे मला.

बघ, मी म्हटलं नव्हतं? शी म्हणजे ती, ती म्हणजे गाडी. गॅरेजवाल्याला तर ह्यांनीच डॉक्टर नाव ठेवलेलं, आमच्या घरात डॉक्टर म्हटलं की तोच. त्याने गाडीला सहा महिने दिलेत. एवढी धडधाकट गाडी, आणि सहा महिने. इंग्रजीत का होईना, पण घरात असं बोलवतं कसं यांना? संध्याकाळी ऑफिसातून आणताना ती दमते म्हणे. दमेल नाही तर काय, हा पठ्ठ्या क्लचवर पाय ठेवून चालवतो.

मार्क लवकर कळव. मग डॉक्टरशी माझी गाठ आहे.

तुझी,
वहिनी


२४ जून

चि. बाळा,

हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर मुद्दाम पाठवतेय. आईला दाखवू नकोस आणि मला काय कसं कळलं, तेही विचारू नकोस.

तुझ्या आईला काय झालंय? रक्त कमी आहे असं मला सांगू नकोस, ते मी ऐकलंय. खरं काय ते लिही.

आत्या


२८ जून

प्रिय आत्या,

तुझं पत्र ऑफिसात उघडलं आणि मला जिन्यात जाऊन उभं राहावं लागलं. आम्हा दोघांशिवाय हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तुला कसं कळलं असेल, याचा विचार करून डोकं बधिर झालंय.

आईच्या रक्तातच दुखणं आहे. तपासण्या दोन ठिकाणी करून घेतल्या, दोन्हीकडे तेच आलं. या वयात मोठे उपचार झेपणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. सहा महिने, फार तर आठ. आई शेजारच्या खुर्चीत बसली होती तेव्हाच ते हे बोलले. ती त्यांच्याकडे बघून हसत होती, मान हलवत होती. आत्या, ते मी कधी विसरणार नाही.

आम्ही तिला सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. ही पहिल्या दिवसापासून म्हणतेय की आईंना सांगू या, लपवणं बरं नाही. यावरून आमची रोज वादावादी होते. पण बाबांचं तू पाहिलंस. त्यांना डॉक्टरांनी दोन वर्षं दिली होती. मी शहाणपणा करून सगळं स्पष्ट सांगितलं, दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ताट दूर सारलं आणि सव्विसाव्या दिवशी ते गेले. मी पुन्हा तसं करणार नाही. आई आता जेवते, कोडी सोडवते, हल्ली कसलीशी वही घेऊन बसते. तेवढं तिचं राहू दे.

तू काही बोललीस तर तिला पहिल्या वाक्यात कळेल. माझ्यासाठी गप्प राहा.

तुझा,
बाळ


५ जुलै

प्रिय वहिनी,

उत्तराला उशीर झाला. जरा सर्दी होती.

गृहपाठ उत्तम. कान तुझा तयार आहेच, आता अर्थही छान लागायला लागलाय. गाडीबद्दल तू लावलेला अर्थ अगदी बरोबर आहे. इंग्रजीत गाडी, बोट, जहाज यांना शी असंच म्हणतात. तेव्हा शंका नको. दहापैकी दहा.

पण मला वाटतं, आता हे ऐकणं पुरे कर. गाडी शेवटी लोखंडाची वस्तू, तिच्यापायी तू जिवाला त्रास करून घेऊ नकोस. गॅरेजवाल्याशी भांडायला तर मुळीच जाऊ नकोस, उन्हात दगदग होईल. पुढच्या धड्यात आपण फुलांची आणि रंगांची नावं घेऊ. सोपी असतात. गोळ्या वेळेवर घे. भाकरी अर्धी टाकून उठू नकोस. मला तुझी फार आठवण येते.

तुझी,
मास्तरीणबाई


१५ जुलै

प्रिय मास्तरीणबाई,

जाऊ नकोस म्हणालीस म्हणून गेले. तुझ्या दादाशी लग्न झाल्यापासून मी कोणाचं ऐकलंय?

गॅरेजवाला गाडीखालून बाहेर आला, हात पुसले, स्टूल दिलं. मी त्याला फैलावर घेतलं. म्हटलं, ह्यांच्या हयातीत तुला या घराने डॉक्टर म्हटलं आणि तू त्यांच्या गाडीला सहा महिने देतोस? तो म्हणाला, "बाई, वर्ष झालं, तुमच्या गाडीला मी हात लावलेला नाही. तुमचा मुलगा आलाच नाही माझ्याकडे. आणि सहा महिने कोण म्हणतं? ते इंजिन तुमच्यामाझ्यामागेही चालेल."

मला वाटलं, हा सारवासारव करतोय. परत येताना पुस्तकांच्या दुकानात शिरले आणि पाचवीचं इंग्रजी व्याकरण घेतलं, चिरंजिवांच्या तोंडावर नियम फेकायचा म्हणून. तिथेच उभ्याने पान काढलं. गाडीचं चित्र होतं आणि खाली तुझ्या धड्यात नसलेला एक शब्द होता, इट. गाडी इट, खुर्ची इट, दगड इट. शी फक्त बाईमाणसाला. मी दुकानदाराला म्हटलं, तुमचं पुस्तक चुकलंय. तो म्हणाला, बाई, हे शाळेत लावलेलं पुस्तक आहे. मी त्याच्याशी भांडले गं. सगळ्या दुकानासमोर ओरडून सांगितलं की माझी नणंद पस्तीस वर्षं हे शिकवत होती, तिचं चुकणार नाही. त्याने बिचाऱ्याने आणखी दोन पुस्तकं काढून दाखवली. तिन्हीकडे इट.

घरी येऊन तुझं पत्र पुन्हा काढलं. तू मला दहापैकी दहा दिलेस. तुझ्या सख्ख्या भाच्याला पाठांतरात एक मात्रा चुकली म्हणून तू साडेसात दिले होतेस आणि तो दोन दिवस जेवला नव्हता. सर्दी झालेली मास्तरीण दहा देत नाही, वहिनीची आठवणही काढत नाही.

मग मी वाक्यं पुढे घेऊन बसले. घरात बाईमाणसं दोन. त्यातली एक बोलणारी. हाताच्या बोटांवर मोजायचीही गरज नव्हती तरी मोजलं. संध्याकाळी दमते कोण, हे मला वेगळं सांगायला नको होतं, आणि मी वेडी क्लचला दोष देत बसले. त्या मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत मी समोर बसले होते. माझ्यासमोर बोलले ते. मी हसले होते त्यांच्याकडे बघून. निघताना थँक्यू म्हणाले.

घरात मी अजून तोंड उघडलेलं नाही. काल जेवताना ते इंग्रजीत बोलत होते आणि मी भाजी वाढत होते. फरक एवढाच, की आता मला ती भाषा कळत होती आणि ते त्यांना ठाऊक नव्हतं.

तुला एकच विचारते. शी म्हणजे मी का? होय किंवा नाही. दुसरं काही लिहू नकोस.

वहिनी


१८ जुलै

वहिनी,

होय.

दुसरं लिहू नकोस म्हणालीस तरी लिहिते. गाडीला इट म्हणतात. कोणी लाडाने शी म्हणतं, पण तो नियम नव्हे आणि हे लिहिताना मला माहीत होतं. पहिल्या धड्यात मी इट राखून ठेवलं नसतं, तर तुला माझ्याही आधी कळलं असतं. बाळाने गप्प राहायला सांगितलं हे खरं, पण खोटा नियम लिही असं तो म्हणाला नव्हता. ते माझं. तुझ्याशिवायचं घर मला डोळ्यांसमोर आणवेना, म्हणून मी ते व्याकरणातून काढून टाकलं. पोराला दादासारखं होईल याची भीती वाटते, त्याच्यावर रागावू नकोस. माझ्यावर रागाव.

मास्तरीणबाई


१ ऑगस्ट

प्रिय मास्तरीणबाई,

रागावलेच आहे. पोरगा घाबरला, ते त्याच्या वयाला आणि त्याने बघितलेल्या मरणाला धरून आहे. तू शिक्षिका आहेस. तुझ्या नियमाच्या जिवावर मी भर दुकानात एका सज्जन माणसाला खोटं पाडलं. राग उतरेल, पण तो उतरवायला तू इथे येऊन माझ्यासमोर बसलं पाहिजेस. पत्राने उतरायचा नाही.

आता घरचं ऐक. तुझं 'होय' आलं त्यानंतर आठ दिवस मी काही बोलले नाही. एक्स्चेंजमध्ये कधी कधी दुसऱ्याचं बोलणं कानावर पडायचं, कोणाचं कोणी गेल्याचं, कोणाचं मोडल्याचं, आणि आम्ही काही ऐकलंच नाही अशा चेहऱ्याने पुढचा नंबर जोडायचो. तशीच वागत होते. पण तेव्हा ती बातमी माझी नसायची. रविवारी दुपारी जेवायला बसलो, मी अर्ध्या भाकरीवर थांबले आणि चिरंजीव सूनबाईला म्हणाले, "शी इज नॉट ईटिंग."

मी म्हटलं, "नॉट शी. यू."

पाण्याचा ग्लास तोंडाशी नेलेला, तो तसाच राहिला त्याच्या हातात. सूनबाईने डोळे मिटून घेतले. मी मराठीत पुढे सांगितलं, "समोर बसलेल्या माणसाला यू म्हणतात. मी इथे बसलेय. चार महिने माझ्याबद्दल जे काय बोललात, ते आता मला उद्देशून म्हणा. आणि मराठीत म्हणा."

पोरगा आई, तू, एवढं दोनदा म्हणाला. त्यापुढे त्याला क्रियापद सापडेना. मी थांबले. त्याचं वाक्य मी पुरं करून देणार नव्हते, ते त्याचं होतं.

ते सूनबाईने पुरं केलं. जिच्यावर मी गाडी भंगारात घालण्याचा आळ घेतला होता ना, ती. खुर्ची सरकवून उठली, माझ्या पायांशी खाली फरशीवर बसली, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "आई, तुम्ही खूप आजारी आहात. तुमच्याजवळ थोडे दिवस आहेत. मला हे तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायचं होतं."

मास्तरीणबाई, मला सगळं आधीच ठाऊक होतं. तरी मी हादरले. इतके दिवस 'ती' ऐकत होते, 'तुम्ही' ऐकलं आणि ते माझं झालं. मी रडले, मोठ्याने, लाज न बाळगता. मग तिघंही रडलो. भाकरी गार झाली होती, तीच खाल्ली. पुरी खाल्ली, हे चिरंजिवांना मी मुद्दाम दाखवून खाल्लं. म्हटलं, तुझे बाबा वेगळे, मी वेगळी. तेव्हापासून घरात इंग्रजी बंद आहे. कालच दोघं माझ्यादेखत मराठीत भांडले. फार बरं वाटलं.

तरी माझी शिकवणी बंद करू नकोस. मंगळवारी साडेदहाला त्या मोठ्या डॉक्टरांकडे पुन्हा जायचंय. दोघं येणार आहेत, पण मी त्यांना सांगून ठेवलंय की मधे बोलायचं नाही. यावेळी मी मान डोलावणार नाही. आत गेल्या गेल्या म्हणायचं वाक्य मी स्वतः बनवलंय, पुस्तकात न बघता:

डॉक्टर, प्लीज टेल मी. नॉट देम.

मंगळवारच्या आत तपासून पाठव. चूक असेल तर चूक म्हण.

तुझी,
वहिनी